जॅझच्या एलपी: कुठलं प्रेसिंग घ्यावं आणि खाडीकाठच्या हवेत ते टिकवावं कसं

मासुंदा (नौपाडा, ठाणे)

जॅझच्या एलपी गोळा करू लागलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो एकच: ओरिजिनल प्रेसिंग घ्या, म्हणजे अल्बम पहिल्यांदा निघाला तेव्हा दाबलेली प्रत. माझ्या मते ठाणे-नवी मुंबईत राहून जॅझ ऐकणाऱ्याने तो बाजूला ठेवावा. आधी तबकडीच्या खाचा किती शाबूत आहेत ते बघा, मग ती कोणत्या टेपवरून आणि कोणी कापली (म्हणजे टेपवरचा आवाज खाचांत कोरला) ते, आणि त्यानंतर पैसे घाला ते घरातल्या सोयीवर. लेबलावर कंपनीचा कोणता पत्ता छापलाय, कव्हर लॅमिनेटेड आहे की नाही, हे सगळं त्यानंतरचं.

सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' घ्या. २२ जून १९५६ रोजी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला ध्वनिमुद्रित केला, मोनोमध्ये. त्याची स्टिरिओ टेप नाही. पण पुढे स्टिरिओचं वारं आल्यावर अशा कित्येक मोनो रेकॉर्डिंगचं कृत्रिम स्टिरिओ करून विकलं गेलं. तंत्र साधं होतं: एका बाजूला खर्ज वाढवायचा, दुसऱ्या बाजूला तार, आणि मध्ये थोडा उशीर किंवा प्रतिध्वनी घालायचा. त्यात मॅक्स रोचचे ड्रम दोन तुकड्यांत फाटल्यासारखे वाजतात. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड' असं काही छापलेलं असेल तर प्रत कितीही जुनी आणि कितीही स्वच्छ असली तरी घेऊ नका. वर्ष जुनं म्हणून आवाज चांगला, हा हिशेब इथेच चुकतो.

दुसरा सापळा नव्या मालातला. युरोपात १९६३च्या आधी प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग कॉपीराइटमधून मोकळी झाली आहेत, कारण ५० वर्षांची मुदत पुढे ७० केली तेव्हा आधीच मोकळं झालेलं पुन्हा बंद केलं नाही. त्यामुळे १९५०च्या दशकातले अल्बम तिथली कुठलीही कंपनी छापू शकते, आणि बऱ्याचदा ते सीडीवरून कापतात. ते बेकायदेशीर नाही, पण सीडीचंच प्लॅस्टिक करून दुप्पट पैसे का द्यायचे? ओळख अशी: कव्हरच्या मागे मास्टरिंग कोणी केलं, कोणत्या टेपवरून केलं, याचा उल्लेखच नसतो. वर 'बोनस ट्रॅक' घालून बाजू २५ मिनिटांच्या पुढे ताणलेली असते. बाजू लांबली की खाचा अरुंद कापाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि बास पातळ होतो.

सुरुवात कुठून करावी, तर माझं मत: आर्ट पेपर या सॅक्सोफोनवादकाचा 'मीट्स द ऱ्हिदम सेक्शन' (१९ जानेवारी १९५७) आणि रोलिन्सचा 'वे आउट वेस्ट' (७ मार्च १९५७). दोन्ही लॉस एंजेलिसच्या कंटेम्पररी कंपनीचे, दोन्हींवर रॉय ड्यूनॅनचं ध्वनिमुद्रण. त्याने माल पाठवायच्या खोलीत माइक लावून जे पकडलं ते आजही थक्क करतं. 'वे आउट वेस्ट'मध्ये पियानोच नाही. सॅक्स, रे ब्राउनचा बास आणि शेली मॅनचे ड्रम. तिन्ही वाद्यं वेगळी ऐकू येतात, म्हणून तुमची सुई, स्पीकर आणि खोली तपासायला याहून चांगली तबकडी नाही. १९८०च्या दशकातली 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' मालिकेतली प्रत मिळाली तर डोळे मिटून घ्या.

काळीदोन (विष्णूनगर, ठाणे)

मासुंदा, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' कसा काय सुटला? प्रेसिंगचा फरक तंबोऱ्यावर पडताळून बघता येतो असा हा एकमेव अल्बम मला माहीत आहे.

२ मार्च १९५९च्या सत्रात, म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' ध्वनिमुद्रित होताना, कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओतलं मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. ती टेप बरोबर वेगाने वाजवली की स्वर चढा येतो. दुसऱ्या यंत्रावरची सेफ्टी (राखीव) टेप योग्य वेगाची होती, पण ती वापरात आली थेट १९९२मध्ये. म्हणजे ३३ वर्षं जगाने पहिली बाजू चढ्या स्वरात ऐकली. दुसरी बाजू, 'ऑल ब्लूज' आणि 'फ्लेमेन्को स्केचेस', २२ एप्रिलची. ती पहिल्यापासून बरोबर आहे.

पडताळणी अशी. फोनवरचा तानपुरा पांढरी दोनला (पेटीची ती पट्टी, पाश्चात्त्य डी) लावा. 'सो व्हॉट'चा सांगाडा आहे १६ मात्रागट (बार) पांढरी दोनच्या षड्जावर, ८ काळी दोनवर, पुन्हा ८ पांढरी दोनवर. जॅझवाले ज्याला डोरियन म्हणतात तो आपला काफी थाट: कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. तानपुऱ्याबरोबर पॉल चेंबर्सचा बास सरळ बसला तर प्रत दुरुस्त केलेली. सतत टोचत राहिला तर जुनी. मग बाजू उलटा आणि तानपुरा पांढरी पाचला नेऊन 'ऑल ब्लूज' लावा, त्याचा मूळ स्वर तोच आहे. हे दुसरं पाऊल गाळू नका. तेही चढं वाजलं तर दोष टेपचा नाही, तुमचं टर्नटेबलच वेगात फिरतंय.

१९६०-७०ची जुनी प्रत टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण गायन-वादन शिकलेल्या माणसाला एकदा हा फरक कळला की न ऐकल्यासारखं करता येत नाही. १९९७ नंतरची अधिकृत प्रत घ्या, स्वस्तही पडते.

खाडीकाठ (ऐरोली)

मासुंदांचं बरंचसं पटतं, पण ओरिजिनल म्हणजे नुसती लेबलाची हौस, हे मान्य नाही. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या बाबतीत तर अजिबात नाही.

तिच्यासाठी व्हॅन गेल्डर ध्वनिमुद्रण करायचा आणि लॅकरही, म्हणजे जिच्यावरून साचा बनतो ती मूळ चकतीही, स्वतः कापायचा. म्हणजे जुन्या ब्लू नोटवर जे ऐकू येतं ते त्यालाच हवं होतं तसं आहे: ट्रम्पेट अंगावर येणारा, झांजा झळझळीत, पियानो जरा डब्यात कोंडल्यासारखा. पियानोबद्दलची तक्रार खरी आहे, पण तोच त्या आवाजाचा चेहरा आहे. आजचे चांगले अभियंते त्याच टेपवरून जास्त मोकळा, जास्त सभ्य आवाज काढतात. तो चांगला असतो, पण वेगळा असतो.

ओळखायचं कसं? लेबल आणि संगीत यांच्यामधला कोरा पट्टा तिरप्या उजेडात धरा. हाताने कोरलेलं 'आरव्हीजी' किंवा ठशाने उमटवलेलं 'व्हॅन गेल्डर' असेल तर कापणी त्याची. त्याच पट्ट्यात कानासारखं दिसणारं वळणदार 'पी' असेल तर ती प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेली, म्हणजे १९६६ किंवा त्याआधीची. ब्लू नोट लिबर्टी या कंपनीला विकली गेल्यावर तिथलं दाबणं थांबलं. आता व्यवहाराचं: कान नाही पण 'व्हॅन गेल्डर' ठसा आहे अशा प्रती शोधा. लिबर्टीच्या काळातल्या या तबकड्या पुष्कळदा त्याच कापणीवरून निघाल्या आहेत, पण कान नसल्यामुळे संग्राहक त्यांच्याकडे पाठ फिरवतात आणि किंमत बरीच खाली येते. तोच हात, तोच आवाज. ठाण्याच्या पगारात ओरिजिनल आवाज हवा असेल तर रस्ता हा आहे.

मासुंदा

खाडीकाठ, लिबर्टीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी वर घ्यायला हवा होता. फक्त एक भर. ब्लू नोटच्या मोनो प्रतींना 'खरा मोनो' म्हणून जास्त भाव लावतात. १९५८ अखेरपर्यंतच्या सत्रांना ते ठीक. त्यानंतर व्हॅन गेल्डर दोनच ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करायचा आणि मोनो कापताना ते दोन एकत्र मिसळायचा. म्हणजे १९५९ नंतरच्या मोनोसाठी वेगळं मिश्रण असं काही नाहीच. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर स्टिरिओ प्रतीवरून जवळजवळ तेच मिळतं. स्टिरिओत फुंकवाद्यं एका बाजूला आणि ताल दुसऱ्या बाजूला, हे ज्यांना खटकतं त्यांनी ते बटण बिनधास्त दाबावं.

नवे पर्याय: ब्लू नोटचीच २०१९पासूनची 'टोन पोएट' मालिका आणि त्याहून स्वस्त 'क्लासिक व्हाइनल' मालिका. दोन्हींची कापणी केविन ग्रे या अभियंत्याची. कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (ध्वनिमुद्रण १५ सप्टेंबर १९५७) २०२२मध्ये टोन पोएटमध्ये मोनो आणि स्टिरिओ असा दोन्ही निघाला. ही एलपी ऐकण्यासाठी वेगळं ओरिजिनल शोधण्यात मला अर्थ दिसत नाही. फरकाच्या पैशात 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) घ्या. ॲलिस कोल्ट्रेनची हार्प, फॅरो सँडर्सचा सोप्रानो आणि खाली तंबोरा. आपल्या कानाला तो तंबोरा आधी कृत्रिम वाटतो, पण सेसिल मॅकबीचा बास त्यावर चक्राकार फिरू लागला की पटतं.

नवशिका (खारघर)

तिघांनाही धन्यवाद, वाचून डोकं भरलं. तीन प्रश्न. १) जुलैत तबकड्यांवर पांढरे ठिपके आले आहेत, पुसले की पसरतात. २) तुर्भ्याच्या आयकियातलं चौकोनी कप्प्यांचं रॅक पुरेल का? ३) शेवटच्या गाण्यात ट्रम्पेट फाटतो, पहिल्यात नाही. तबकडी खराब की सुई?

रंधा (कळवा)

रॅकचं मी सांगतो. कव्हरसकट जुनी एलपी साधारण २३० ते २५० ग्रॅम, नवी १८० ग्रॅमवाली ३०० पर्यंत जाते. त्या रॅकचा कप्पा ३३ सेंटीमीटर, त्यात ६०-६५ एलपी बसतात, म्हणजे १४ ते १९ किलो. कंपनीने दिलेली मर्यादा एका कप्प्याला १३ किलो आहे. म्हणून जुन्या असतील तर ५०वर, १८० ग्रॅमवाल्या असतील तर ४०वर थांबा. तसंही खच्चून भरलं की काढता-घालताना कव्हरच्या कडा फाटतात आणि आतल्या तबकडीचा गोल कव्हरवर उमटतो.

खरी अडचण पावसाची. पार्टिकल बोर्डाची कड ओल शोषून फुगते आणि मग स्क्रू धरत नाही. खारघरला डोंगराकडची भिंत असेल तर ती दोन महिने ओली राहते. सुताराकडून करून घ्यायचं असेल तर १८ मिमीचं बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारं) प्लाय सांगा, आतून उंची ३४ सेंटीमीटर, खोली ३५, आणि दर ३५-४० सेंटीमीटरला उभी फळी. आडव्या लांब फळीवर शंभर एलपी म्हणजे २५ किलोंहून जास्त. मध्ये आधार नसेल तर ती वाकणारच. मागे भिंतीपासून ५ ते ७ सेंटीमीटर मोकळी जागा, जमिनीपासून १० सेंटीमीटर वर, आणि मागची फळी नको, हवा खेळली पाहिजे. बाहेरच्या, पश्चिमेच्या भिंतीला कधीच लावू नका.

तबकड्या उभ्याच, सरळ. तिरप्या कलल्या की महिन्याभरात वाकतात. आडव्या रचल्या की खालच्यांवर डाग उठतात.

निथळ (वाशी)

पांढरे ठिपके ही बुरशी. ती व्हाइनलवर, म्हणजे तबकडीच्या प्लॅस्टिकवर, जगत नाही, खाचांतली धूळ, बोटांचं तेल आणि कागदी पिशवी यांच्यावर जगते. म्हणून नुसतं पुसलं की बी पसरतं. कोरडं पुसणं पूर्ण बंद करा.

द्रावण: डिस्टिल्ड वॉटर ७५० मिली, ९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल २५० मिली, आणि फोटो धुण्यासाठी मिळतं ते वेटिंग एजंट दोन-तीन थेंब. थेंबांनी पाण्याचं पृष्ठताण कमी होतं आणि ते खाचांत उतरतं. जास्त घातलं तर थर राहतो आणि सुईवर राखाडी गोळा जमतो. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट वापरू नका, त्यात तेल आणि इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचांत बसतात आणि तेच पुढे चरचर करतात.

लेबल झाका: १० सेंटीमीटरहून किंचित मोठं प्लॅस्टिकचं झाकण, खाली रबरी वॉशर. मऊ, दाट केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत एक मिनिट, मग उलट दिशेने एक मिनिट. द्रावण सुकू देऊ नका, सुटलेली घाण पुन्हा तिथेच बसते. लगेच नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका. उभं करून वाळवा. पावसाळ्यात पाऊण तास तरी लागतो. पंखा लावू नका, धूळ बसते. एसी ड्राय मोडवर असेल तर उत्तम.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे: धुतलेली तबकडी जुन्याच कागदी पिशवीत जाते. बुरशी तिथेच आहे. नवी एचडीपीई प्लॅस्टिकची पिशवी घ्या. छापील आतली पिशवी जपायची असेल तर ती कोरड्या फडक्याने बाल्कनीत पुसून, तबकडीशिवाय कव्हरात ठेवा. बाहेरचं पारदर्शक कव्हर पॉलिप्रोपिलीनचं घ्या, पीव्हीसीचं नाही. गरम आणि दमट हवेत पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येतो आणि तबकडीवर धुरकट डाग पडतो, जो कशानेही जात नाही.

खोलीत आर्द्रतामापक ठेवा, दोन-तीनशे रुपयांचा पुरतो. ६० टक्क्यांखाली राहिलं तर बुरशी फिरकत नाही, ७०च्या वर दोन-तीन आठवडे राहिलं तर येणारच. उघड्या रॅकवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवून काही होत नाही. त्या बंद कपाटातच काम करतात, आणि तिथेही त्या वरचेवर तापवून सुकवाव्या लागतात.

खाडीकाठ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच नाही. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते, लेबलाजवळ २१. तेवढाच सूर अर्ध्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून बोथट किंवा चुकीच्या कोनात बसलेली सुई ट्रम्पेटच्या टोकाच्या स्वरांवर हरते.

आधी कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते त्या डबीचा) कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या छापील पट्टीवर, तपासा. मग सुईचा दाब, म्हणजे वजन. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम लागतात, १.८ ते २.२ चालतं, टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. 'कमी वजन म्हणजे कमी झीज' हा गैरसमज आहे. कमी वजनावर सुई खाचेत आदळत राहते आणि भिंती जास्त खराब होतात. तासही मोजा: लंबगोल सुईचे सुमारे ३००, मायक्रोलिनियरचे १०००. त्याच कार्ट्रिजला नुसती एमएल सुई बसते, अख्खं बदलायची गरज नाही.

हे सगळं नीट असूनही फाटतंय आणि फक्त काहीच तबकड्यांवर, तर खाचा खाल्लेल्या आहेत. सिरॅमिक कार्ट्रिजवर पाच-सहा ग्रॅमने वाजलेल्या तबकड्या चकचकीत दिसतात आणि तरी फाटतात.

एक इशारा, अमेरिकेतून जुनं टर्नटेबल आणणाऱ्यांसाठी. सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो. ६० हर्ट्झचं यंत्र आपल्या ५०वर मिनिटाला २७.८ फेऱ्याच फिरतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. ५० हर्ट्झची पुली लागते. वेग तपासायची स्ट्रोबची चकतीही १८० रेघांची घ्या, २१६वाली अमेरिकेची.

चौपाटी७८ (नेरुळ)

सगळी चर्चा न्यूयॉर्कची झाली. मुंबईचं जॅझही गोळा करण्यासारखं आहे, आणि ते बरंचसं ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर आहे. ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात टेडी वेदरफोर्ड, क्रिकेट स्मिथ हे अमेरिकन वादक वाजवत होते. त्यांच्यामागून गोव्याची पिढी आली. हळदोण्याचा आन्तोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातला सर्वांत झळकणारा ट्रम्पेट. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तल्या (१९५१) स्विंगमागे तो आहे. गाण्यांमधले ब्रासचे तुकडे वेगळे काढून ऐका, त्यात काउंट बेसीच्या धाटणीची सवाल-जबाबी मांडणी स्पष्ट दिसते.

मात्र ७८ला वरचं द्रावण लावू नका! त्या लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतो. एकदा लावलं की चकाकी आणि स्वर दोन्ही गेले. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रव साबणाचा एक थेंब, लगेच धुऊन लगेच टिपणं, बस्स. सुईही वेगळी, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची ०.७ मिलची सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर उचलते.

एलपीत शोधायचं असेल तर अमान्सिओ डिसिल्वा, जन्म मुंबईचा, गिटार. १९६९चे 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा 'हम दोनो'. मूळ प्रती आवाक्याबाहेर आहेत, पुनर्मुद्रण घ्या. पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८मध्ये मुंबईत आला, सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेला, आणि त्याच वर्षी 'जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया'त 'कलकत्ता ब्लूज' आला. पण भारतभेटीतून निघालेलं सर्वांत मोठं काम ड्यूक एलिंग्टनचं: दौरा १९६३चा, 'फार ईस्ट स्वीट' ध्वनिमुद्रित झाला डिसेंबर १९६६मध्ये. त्यात मैनेची शीळ जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर आहे. सतारीचं सोंग न आणता प्रवास सुरांत कसा उतरवावा, ते इथे कळतं.

मासुंदा

उत्तम भर. चोरबाजाराचं थोडक्यात: ठाण्याहून फास्टने भायखळा, तिथून स्लोने सँडहर्स्ट रोड, वाशी-नेरुळकरांना हार्बरने थेट. शुक्रवारी मटन स्ट्रीटची नेहमीची दुकानं बंद असतात. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून तबकडी बघा. नखाला लागत नाही तो ओरखडा बहुतेक वेळा वाजत नाही, नखाला लागतो तो वाजतो. भोकाभोवती लेबलावर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर ती बेफिकीर हातांत बरीच वाजली आहे. कव्हरातली तबकडी तीच आहे ना, ते नंबरावरून तपासा. भारतीय प्रेसिंगच्या मागे दमदमचं (कोलकात्याजवळचा एचएमव्हीचा कारखाना) नाव बघून नाक मुरडू नका, खाचा शाबूत असतील तर घ्या. परतताना पिशवी लोकलच्या रॅकवर आडवी टाकू नका, मांडीवर उभी धरा, आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तर क्षणभरही ठेवू नका.

नवशिका

सगळं केलं. कोन चुकला होता, ट्रम्पेट आता फाटत नाही. धुतलेल्या तबकड्याही शांत झाल्या. फक्त पियानोवादक बिल इव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'वर अजून बारीक टकटक, किणकिण येते. दोनदा धुतली.

काळीदोन

पुन्हा धुऊ नका. तो अल्बम २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये, समोर लोक खात-पीत बसलेले असताना ध्वनिमुद्रित झाला आहे. किणकिण पेल्यांची आणि बशांची आहे. खात्री करायची तर घड्याळ लावा: ३३⅓च्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. आवाज दर १.८ सेकंदांनी त्याच जागी आला तर ओरखडा. अनियमित आला, आणि खोलीत डाव्या-उजव्या बाजूला फिरला, तर टेबलं. मग ते सोडून स्कॉट लाफारोचा बास ऐका. त्यानंतर अकरा दिवसांनी तो अपघातात गेला, इव्हान्सच्या त्या त्रिकुटाचं ध्वनिमुद्रण यापुढे नाही.